बालगृहातल्या मुलाचा काळजी आराखडा: मुलाला विचारून आणि योग्य क्रमाने कसा करावा

बालगृहातली फाईल उघडली की वैयक्तिक काळजी आराखडा, म्हणजे सगळे ज्याला आयसीपी म्हणतात तो, बहुतेक वेळा भरलेला सापडतो. सही असते, शिक्का असतो, तारीखही असते. आरोग्याच्या रकान्यात 'सकस आहार देणे', शिक्षणाच्या रकान्यात 'शाळेत नियमित पाठवणे', भावनिक गरजांच्या रकान्यात 'समुपदेशन करणे'. पुढच्या मुलाची फाईल उघडावी तर तिथेही तेच. नाव बोटाने झाकलं तर हा आराखडा नऊ वर्षांच्या मुलीचा आहे की सोळा वर्षांच्या मुलाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

बाल न्याय कायदा २०१५ चा, त्याखालचे केंद्राचे आदर्श नियम २०१६ चे. या नियमांत आराखड्याची व्याख्याच अशी आहे की तो मुलाशी सल्लामसलत करून, त्याचं वय, त्याच्या गरजा आणि पूर्वेतिहास बघून करायचा. दर्जाची बाकीची मापं टेप घेऊन मोजता येतात. झोपायच्या खोलीत मुलामागे ४० चौरस फूट जागा, सात मुलांमागे एक शौचालय, दहा मुलांमागे एक स्नानगृह. तिथे कमी पडलं तर लगेच दिसतं. आराखड्यातली चूक दिसत नाही, कारण ती क्रमाची चूक असते: फॉर्म आधी भरला जातो आणि मुलाशी बोलणं नंतर, जमलं तर.

नागपुरातले आणि आसपासच्या तालुक्यांतले अधीक्षक, केस वर्कर, परिविक्षा अधिकारी, समुपदेशक आणि रात्रंदिवस मुलांजवळ असणारे मावशी-दादा यांच्यासाठी हे लिहितो आहे. उदाहरणं काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची आहेत. निरीक्षणगृहाची, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांच्या गृहाची, कायदेशीर वाट वेगळी, पण टप्पा २ ते ४ तिथेही जसेच्या तसे लागू पडतात.

## सुरू करण्याआधीची तयारी

माणूस ठरवा. एका मुलाची जबाबदारी एकाच कार्यकर्त्याकडे असू द्या आणि त्याचं नाव फाईलच्या पहिल्या पानावर लिहा. 'सगळ्यांची जबाबदारी' म्हटलं की मुलगा रोज नव्या माणसाला तीच गोष्ट सांगत बसतो आणि चौथ्या वेळी गप्प होतो.

जागा ठरवा. अधीक्षकांच्या केबिनमध्ये टेबलाच्या पलीकडे मुलाला उभं करून आराखडा होत नाही. व्हरांड्याचा कोपरा, झाडाखालचा ओटा चालेल, फक्त इतरांना ऐकू जाता कामा नये. नागपूरच्या उन्हाळ्यात एक अडचण हमखास येते. कूलर चालू असला की हळू बोलणाऱ्या मुलाचं निम्मं बोलणं आवाजात जातं, आपण "काय म्हणाला?" विचारत राहतो आणि मूल आवरतं घेतं. एप्रिल-मेमध्ये ही बोलणी सकाळी नऊच्या आत, कूलर बंद ठेवून करा.

भाषा ठरवा. नागपूर मोठं जंक्शन आहे. मध्य प्रदेशातली, छत्तीसगडची मुलं इथे उतरतात. कुणी हिंदी बोलतं, कुणी छत्तीसगढी, कुणी घरी फक्त गोंडी बोललेलं असतं. दुभाषा लागणार असेल तर पहिल्याच दिवशी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे मागणी नोंदवा.

> इशारा: बालगृहातल्याच दुसऱ्या मुलाला दुभाषा करू नका. आज त्याने ऐकलेलं उद्या भांडणात बाहेर येतं.

## टप्पा १: पहिला दिवस आणि पहिली रात्र

सापडलेल्या मुलाला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर, म्हणजे मुलाने कुठे राहायचं हे ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीसमोर, हजर करायचं असतं, त्यामुळे या दिवशी सगळी धावपळ कागदांची असते. त्या धावपळीत मुलाचा इतिहास खोदू नका. आधी आंघोळ, जेवण, कपडे, प्राथमिक वैद्यकीय तपासणी आणि झोपायची जागा.

मुलासोबत आलेल्या वस्तूंची यादी त्याच्यासमोर करा आणि ती त्याला वाचून दाखवा. मळका शर्ट, तुटका मोबाईल, कसलीशी पुडी, काहीही असो, त्याला न विचारता फेकू नका. अनेकदा पुढे घर सापडतं ते त्या शर्टाच्या कॉलरवरच्या टेलरच्या लेबलवरून किंवा खिशातल्या बसच्या तिकिटावरून.

मग चार गोष्टी सांगा: ही जागा कोणती, इथे कोण कोण आहे, उद्या काय होणार, आणि रात्री भीती वाटली तर कुणाला उठवायचं.

> इशारा: "उद्या घरी पाठवतो" असं कुणीही म्हणायचं नाही, अगदी रडणं थांबवायलासुद्धा. ते आपल्या हातात नसतं. हा शब्द मोडला की पुढचे सगळे टप्पे पोकळ होतात.

> तपासा: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मूल तीन माणसांची नावं सांगू शकतं का? नसेल तर ओळख पुन्हा करून द्या.

## टप्पा २: आरोग्य, आणि विदर्भात सिकलसेल

उंची-वजन, डोळे, दात, कान, त्वचा, लसीकरण ही यादी सगळ्यांना पाठ आहे. आपल्या भागात त्यात एक भर हवीच: सिकलसेलची तपासणी. पूर्व विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार अनेक समाजांत आहे, आणि बालगृहात आलेल्या मुलाचा कौटुंबिक इतिहास सांगायला बहुधा कुणी नसतं.

याची दखल न घेतल्याने होणारा अन्याय मोठा आहे. हातापाय दुखतात म्हणून मूल सकाळच्या प्रार्थनेला उठत नाही आणि नोंदवहीत 'आळशी', 'कामचुकार' असं येतं. थंड पाण्याने आंघोळ करायला नको म्हणतं तर 'हट्टी'. खरं कारण रक्तात असतं.

सोल्युबिलिटी चाचणी फक्त चाळणी आहे. ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्या, तेव्हाच मूल वाहक आहे की रुग्ण हे कळतं. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत न्यायचं तर जबाबदार कार्यकर्ता सोबत जावा आणि निकाल मुलाला त्याच्या भाषेत त्यानेच सांगावा. वाहक मूल आजारी नसतं, त्याला उगाच खेळातून काढू नका. रुग्ण असेल तर मावशी-दादांना नेमकं सांगा: पाणी भरपूर द्यायचं, उन्हात आणि कडक थंडीत जपायचं, ताप किंवा असह्य दुखणं आलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

> इशारा: हे निकाल स्वयंपाकघराच्या भिंतीवर किंवा सूचनाफलकावर लावू नका. ज्याला माहीत असणं गरजेचं आहे त्यालाच सांगा.

## टप्पा ३: आठवडाभर पाहा, लिहा, मत देऊ नका

हा टप्पा सर्वांत जास्त गाळला जातो, आणि आराखड्याचा अर्धा माल इथेच मिळतो. मूल कोणाजवळ बसतं, ताटातलं काय बाजूला सारतं, कोणता आवाज झाला की दचकतं, कुणी फोनवर बोलताना दिसलं की काय करतं, हे दहा ते पाच येणाऱ्या केस वर्करला दिसत नाही. रात्रपाळीच्या मावशीला दिसतं. पण तिला कुणी विचारत नाही आणि तिच्याकडे वहीही नसते.

शंभर पानी साधी वही द्या. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांचं सकाळी ड्युटी बदलताना पाच मिनिटं ऐकून कार्यकर्त्याने लिहून घ्यावं. नियम एकच: विशेषण लिहायचं नाही, घडलेलं लिहायचं.

'मुलगा हट्टी आहे, झोपत नाही' ही नोंद निरुपयोगी आहे. 'रात्री साडेनऊला लाईट बंद केला. दहाला पाहिलं तर खिडकीपाशी बसलेला. लाईट लावला तेव्हा आडवा झाला, अकराला झोप लागली' ही नोंद काम करते, कारण यातून उद्या काहीतरी करता येतं.

> तपासा: आठवड्याच्या नोंदींत 'चांगला', 'वाईट', 'हट्टी', 'शांत', 'समजूतदार' हे शब्द शोधा. प्रत्येकापुढे विचारा, असं काय घडलं म्हणून हे लिहिलं? उत्तर मिळालं तर ते लिहा आणि विशेषण खोडा.

## टप्पा ४: मुलाशी बोलणं

आता बोला. एकाच बैठकीत सगळं उरकू नका. वीस-पंचवीस मिनिटांच्या दोन-तीन बैठका पुरतात. लहान मुलांना कागद आणि खडू द्या, घर काढायला सांगा, घरात कोण कुठे झोपतं ते काढायला सांगा.

प्रश्न कसा विचारायचा हे एका उदाहरणाने पाहू. समजा, ११ वर्षांचा मुलगा आहे, गोंदियाकडच्या गाडीतून नागपूर स्टेशनवर उतरलेला, आणि वरची खिडकीची नोंद त्याचीच आहे. "इथे काही त्रास आहे का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "नाही सर, सगळं चांगलं हाय." मूल विचारणाऱ्याचा चेहरा वाचून बोलतं. त्यापेक्षा घडलेल्या गोष्टीपासून सुरुवात करा.

"काल जेवणानंतर झोपेपर्यंत काय काय झालं, सांग बरं."

"जेवलो. मंग टीव्ही पाह्यला. मंग दादानं लाईट बंद केला."

"लाईट बंद झाल्यावर?"

"मले नाई येत झोप. खिडकीत बसून राह्यलो. तिकून गाडीचा आवाज येते."

"गाडीचा आवाज आला की काय वाटतं?"

"माय बी गाडीतच होती."

इथे थांबा. लगेच "कोणती गाडी, कोणतं स्टेशन, आई कुठे उतरली" अशी सरबत्ती लावू नका. "हे तू मला सांगितलंस ते बरं झालं, उद्या आपण यावर अजून बोलू" एवढं म्हणा आणि उद्या खरंच बोला. चौकशीला लागणारी माहिती दुसऱ्या बैठकीत जास्त नेमकी येते.

मूल जे शब्द वापरतं तेच लिहा. 'मले', 'तिकून', 'माय' शुद्ध करू नका. 'बालकास मातृवियोगाचे दुःख आहे' असं लिहिलं की त्यातली गाडीही जाते आणि खिडकीही.

> इशारा: "तू सांगितलेलं मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. सुरुवातीलाच सांगा की तुला कुणी इजा केली असेल तर ते मला पुढे कळवावं लागेल, आणि कुणाला कळवणार ते तुला आधी सांगेन. लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं कलम २१ खाली गुन्हा आहे. स्वतः तपास करत बसू नका, मुलाकडून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, आणि संस्थेचं नाव जाईल म्हणून एक दिवसही थांबू नका.

## टप्पा ५: घर आणि गृहचौकशी

बाल कल्याण समितीच्या आदेशानुसार सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण व्हायला हवी. आपल्याकडे ती 'गृहचौकशी' म्हणून ओळखली जाते आणि बरेचदा 'घर कच्चे, वडील मजुरी करतात, परिस्थिती हलाखीची' एवढ्यावर संपते. यातून मुलाला घरी पाठवणं सुरक्षित आहे की नाही, हे कळत नाही.

काटोल, उमरेड, रामटेक, भिवापूर कुठेही जा, घराच्या भिंतींपेक्षा माणसं पाहा. मुलाला कोण जेवू घालायचं? दारू पिऊन मारणारा कोण, आणि तेव्हा मध्ये पडणारं कोण? शेजारच्या काकू काय सांगतात? शाळा नक्की कोणत्या महिन्यात सुटली आणि त्या महिन्यात घरात काय झालं होतं? जाताना मुलाला विचारा, "घरी जातोय, काही निरोप आहे का?" परतल्यावर त्या निरोपाचं उत्तर त्याला द्या. समितीने संपर्काला मनाई केली असेल तर निरोप नेऊ नका, आणि का नेत नाही तेही मुलाला सांगा.

संस्थेत ठेवणं हा कायद्याने शेवटचा उपाय आहे, आणि केवळ गरिबीसाठी मूल बालगृहात राहत असेल तर आधी योजना तपासा. सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वात ४,००० रुपये. एकट्या आईला किंवा आजीला मूल घरी सांभाळायला यातून हातभार लागतो. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायचा. कागद जमवायला त्या आजीला चार चकरा माराव्या लागू नयेत, म्हणून यादी पहिल्याच भेटीत लिहून द्या.

## टप्पा ६: आता फॉर्म भरा

आदर्श नियमांतल्या फॉर्म ७ च्या पहिल्या भागात आराखडा येतो. त्या नियमांतल्या व्याख्येत नऊ गरजा आहेत: आरोग्य व पोषण, भावनिक व मानसिक गरजा, शिक्षण व प्रशिक्षण, विरंगुळा आणि खेळ, जिव्हाळ्याची नाती, अत्याचारापासून संरक्षण, कुटुंबात पुनर्स्थापना व पाठपुरावा, समाजात सामावणं आणि जीवनकौशल्यं. नऊच्या नऊ रकाने सारख्याच लांबीचे भरले असतील तर काहीतरी चुकलं आहे. कोणत्याही मुलाचं आयुष्य तसं नसतं. दोन-तीन जागी आज निकड असते, तिथे सविस्तर लिहा. बाकी ठिकाणी एक ओळ पुरते.

प्रत्येक निकडीच्या गरजेखाली चार गोष्टी हव्यात: मुलाचे शब्द, काय करायचं, कोण करणार आणि कधीपर्यंत, आणि झालं हे कशावरून कळेल. त्या मुलाच्या बाबतीत ते असं दिसेल:

मुलाचे शब्द: 'लाईट बंद केला की मले झोप येत नाही. मायचा फोन लावून द्या.'
काय करायचं: खिडकीजवळचा पलंग आणि रात्रभर छोटा दिवा, रात्रपाळीचे दादा, आजपासून. आईचा शोध आणि फोन नंबर, केस वर्कर, रेल्वे पोलीस आणि तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत, शुक्रवारपर्यंत.
कशावरून कळेल: रात्रीच्या वहीत सलग झोपेच्या नोंदी. नंबर नाही सापडला तर शुक्रवारी संध्याकाळी मुलाला तसं सांगितल्याची नोंद.

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. 'झालं नाही' हेसुद्धा मुलाला ठरल्या दिवशी कळलं पाहिजे. मोठी माणसं विसरली, की होतच नाही म्हणून सांगितलं नाही, यातला फरक त्याला कळत नाही. दोन्हीचा अर्थ तो एकच लावतो.

भरून झालं की मुलाला वाचून दाखवा. त्याला पटलं नाही तर वाद घालू नका, त्याचं म्हणणं शब्दशः खाली लिहा. बारावीऐवजी आयटीआयला जायचं म्हणणाऱ्या मुलीवर संस्थेचं मत लादायचं नाही. तिचं मत आणि संस्थेचं मत दोन्ही लिहून समितीसमोर ठेवा.

> तपासा: नाव झाकून आराखडा रात्रपाळीच्या मावशीला वाचून दाखवा. तिने मूल ओळखलं तरच सही करा.

## टप्पा ७: चालवणं आणि मुलाला उत्तर देणं

प्रगती अहवाल पहिले तीन महिने दर पंधरवड्याला, त्यानंतर दर महिन्याला. महिन्याला एकदा बालगृहाची व्यवस्थापन समिती बसते, तिथे सगळ्या फाईली घाईत पुढे सरकवू नका. ज्या मुलांचं ठरलेलं काम झालं नाही त्यांच्या फाईली आधी घ्या.

बाल समित्या, म्हणजे बालगृहातल्या मुलांच्याच समित्या, तीन वयोगटांच्या: ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८. नेहमीची चूक म्हणजे हुशार, बोलकी चार मुलं कायमची नेमून टाकणं. मुलांनाच निवडू द्या. इतिवृत्तात त्यांच्या मागणीपुढे उत्तराचा रकाना ठेवा. 'पोह्यात मिरची कमी टाका' ही मागणी किरकोळ वाटते, पण तिचं उत्तर आठवड्यात मिळालं की मोठ्या तक्रारी बोलायचं धाडस येतं.

सूचनापेटी कार्यालयापासून दूर, मुलांच्या खोल्यांजवळ लावायची. किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे, आणि पेटी दर आठवड्याला बाल समितीच्या मुलांसमोर उघडायची. किल्ली अधीक्षकांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असेल तर त्या पेटीत कुणी काही टाकणार नाही, आणि 'तक्रारी नाहीत' हे वाक्य खोटं ठरेल.

> इशारा: वाढदिवसाला केक घेऊन येणाऱ्या दात्यांना फोटो काढू देऊ नका. मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तान्हा पोळ्याला बैल सजवून उभ्या असलेल्या मुलांचे चेहरे गोड दिसतात हे खरं, पण पुढे शाळेत त्याच फोटोवरून त्यांना चिडवलं जातं. दात्यांना हे गेटवरच, नम्रपणे पण स्पष्ट सांगा.

## टप्पा ८: बाहेर पडण्याची तयारी

अठरावा वाढदिवस अचानक येत नाही, तरी बहुतेक ठिकाणी धावपळ शेवटच्या महिन्यातच सुरू होते. सोळाव्या वर्षापासून कागद जमवायला लागा: जन्मनोंद, आधार, बँक खातं, शाळेचा दाखला, रहिवासी आणि लागू असल्यास जातीचा दाखला. आई-वडील नसलेल्या मुलांसाठी महिला व बाल विकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र. त्यावर महाराष्ट्रात शिक्षण आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण २०१८ पासून आहे. एका कागदावरचं नाव दुसऱ्याशी जुळत नसेल तर दुरुस्तीला महिने जातात, म्हणून स्पेलिंग आत्ताच ताडून पाहा.

कागदांइतकंच दुसरंही महत्त्वाचं. मुलीने एकटीने सिटी बसने सीताबर्डीला जाऊन बँकेचं काम करून यावं. मुलाने महिन्याचा किराणा आणावा, हिशेब लिहावा, दोन माणसांचा वरण-भात शिजवावा. अठरानंतरच्या मुलांसाठीच्या अनुरक्षणगृहात २१ वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून पुढे दोन वर्षं मदत मिळू शकते. तिथे जाणार असेल तर आधी एकदा जागा दाखवून आणा.

घरी परतणाऱ्या मुलाचा पाठपुरावा फॉर्म ७ च्या शेवटच्या भागात नोंदवायचा असतो. फोनवर पालकांना विचारून 'मुलगा व्यवस्थित आहे' असं लिहू नका. मुलाशी बोला, पालकांना बाजूला ठेवून. अडचणीत कुणाला फोन करायचा ते त्याला पाठ असू द्या: मुलांची हेल्पलाइन १०९८, आणि त्याच्या जबाबदार कार्यकर्त्याचा नंबर.

## तपासणीला येणाऱ्यांसाठी

तपासणी समिती तीन महिन्यांतून किमान एकदा यायला हवी. किमान तीन सदस्य, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. संस्थेने काढून ठेवलेल्या फाईली पाहू नका. हजेरीपटावरून स्वतः दोन नावं निवडा, एक अलीकडे आलेल्या आणि एक सर्वांत जुन्या मुलाचं. आराखडा वाचा, मग त्या मुलाला कर्मचाऱ्यांशिवाय भेटा आणि विचारा: तुझ्यासाठी काय ठरलंय, ते कुणी करायचं होतं, आणि झालं का? नंतर रात्रपाळीची वही मागवा आणि त्यातल्या गेल्या आठवड्याच्या नोंदी मुलाच्या बोलण्याशी ताडून पाहा. तफावत निघाली तर अहवालात पान क्रमांकासह लिहा आणि पुढच्या भेटीत त्याच दोन फाईलींपासून सुरुवात करा.